थर्ड बेस म्हणजे कच्च्या लिंबाची जागा का? (आणि हा बेल्ट्रे नेमका कोण?)

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते.

आम्ही डॅलसजवळ अर्व्हिंगला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, यंदा लिटल लीगमध्ये खेळतोय. त्याला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) व्हायचं होतं, कोचने थर्ड बेसवर टाकलं. तेव्हापासून स्वारी घुश्शात आहे. वर्गातल्या कुणीतरी डोक्यात भरवलंय की ज्याला पळता येत नाही त्याला थर्ड बेसवर उभं करतात. म्हणजे आपल्याकडे लगोरीत कच्चं लिंबू असायचं, तसं.

कोच म्हणाले, आद्रियान बेल्ट्रेचे व्हिडिओ दाखवा. नवऱ्याने माहिती काढली आणि घोळ वाढवला. हा माणूस २१ सीझन खेळला, एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) एकदाही नाही, वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) एकदाही जिंकलेली नाही, तरी २०२४ मध्ये पहिल्याच फटक्यात हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत), तेही ९५ टक्के मतं घेऊन! व्हिडिओ लावले तर निम्म्यांत कुणीतरी त्याच्या डोक्याला हात लावतंय आणि हा त्याच्या अंगावर धावून जातोय.

तर सांगा, पोराला काय सांगू? आणि सांगलीहून बाबा रोज फोनवर विचारतात, "नातू कितव्या नंबरला बॅटिंगला येतो?" त्यांनाही कळेल असं काही असलं तर बरं.

पोटोबा

वाचतोय. आमच्या इथेही हेच चालू आहे, फक्त पोरगी आणि राइट फील्ड. तिथे तर ती गवतातली फुलं तोडत बसते.

सातारकर_आर्लिंग्टन

ताई, बाबांपासून सुरू करतो, कारण त्यांना सांगणं सगळ्यात सोपं आहे. त्यांना म्हणावं, एकनाथ सोलकर आठवतो का? फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटच्या पुढ्यात, हेल्मेटशिवाय. २७ टेस्ट, ५३ कॅच. नातू तसल्या जागी उभा आहे. फोनवर एक मिनिट शांतता होईल, मग "जपून रे बाबा" ऐकू येईल.

आता पोराचं. थर्ड बेस होम प्लेटपासून (बॅटर उभा असतो तिथून) ९० फुटांवर, म्हणजे साडेसत्तावीस मीटरसुद्धा नाही. उजव्या हाताच्या बॅटरने ओढून मारलेला चेंडू नेमका त्याच बाजूला येतो, आणि मेजर लीगमध्ये तो ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सहज जातो. तिथे पळायला वेळच नसतो. शॉर्टस्टॉपला बाजूला धावायला जागा आणि क्षणभर जास्तीचा वेळ मिळतो, थर्ड बेसवाल्याला एक पाऊल आणि एक उडी. त्या वर्गमित्राचं एवढंच बरोबर की इथे पळण्याचं काम कमी. पण ज्याचे हात मऊ नाहीत, ज्याचा खांदा बळकट नाही आणि जो चेंडू बघून तोंड फिरवतो, त्याला शहाणा कोच या कोपऱ्यात फिरकू देत नाही. इथली माणसं त्याला उगाच 'हॉट कॉर्नर' म्हणत नाहीत.

चेंडू अडवला म्हणजे झालं असंही नाही. तिथून फर्स्ट बेसपर्यंत डायमंडच्या (चार बेसच्या चौकोनाच्या) आरपार १२७ फुटांची फेक आहे, जवळजवळ ३९ मीटर. लिटल लीगमध्ये बेस ६० फुटांवर, तरी तुमच्या चिरंजिवांना २६ मीटर फेकायचंय, तेही धावणारा पोचायच्या आत. कोचने त्याचा हात बघून तिथे घातलं असणार.

आणि याच्या बरोबर उलटं काम म्हणजे बंट. बॅटर चेंडू नुसता पुढ्यात टाकतो, मग थर्ड बेसवाल्याने वाघ मागे लागल्यासारखं पुढे धावायचं, ग्लोव्ह न वापरता उघड्या हाताने चेंडू उचलायचा आणि त्याच पावलावर, अंग सावरायच्या आधी, कमरेतून फेकायचा. हा बेल्ट्रेचा हातखंडा. टेक्सास रेंजर्सचं, म्हणजे आमच्या टीमचं, जुनं मैदान उघडं होतं. ऑगस्टमध्ये सात वाजता सामना सुरू व्हायचा तेव्हासुद्धा बाकडं चटके द्यायचं. मी थर्ड बेसच्या बाजूची वरची स्वस्त तिकिटं काढायचो ती फक्त यासाठी. टीव्हीवर फेक दिसते, पण चेंडू बॅटला लागायच्या आधी त्याचं वजन पुढच्या पायावर गेलेलं असायचं, ते वरूनच दिसायचं.

सोलकरशी आणखी एक साम्य. बेल्ट्रे गार्ड घालत नसे. खालचा, हो तोच. २००९ मध्ये सिअ‍ॅटलकडून शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध खेळताना एक टप्प्याचा चेंडू नको तिथे बसला. पठ्ठ्या मैदान सोडून गेला नाही. सामना चौदाव्या इनिंगपर्यंत लांबला (एरवी नऊ असतात), १-० असा संपला, आणि ती एकमेव रन यानेच पळून काढली, केन ग्रिफी ज्युनिअरच्या हिटवर (बेसपर्यंत पोचवणारा फटका म्हणजे हिट). मग नाव थेट जायबंदी यादीत. बरा होऊन आला तरी गार्ड नाहीच.

पोराला ही गोष्ट सांगू नका. सांगितलीत तर गार्ड आधी विकत आणा.

पावसाळी_रेडमंड

सातारकर, फेकीबद्दल दुमत नाही. पण बेल्ट्रेच्या सिअ‍ॅटलमधल्या पाच वर्षांची किंमत आम्ही मोजलीय. २००४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून ४८ होम रन (आपल्या सिक्सरसारखे, भिंतीपलीकडे), .३३४ सरासरी (हजार प्रयत्नांत ३३४ हिट), एमव्हीपीच्या मतदानात बॅरी बाँड्सच्या खालोखाल दुसरा. योगायोग बघा, करार त्याच वर्षी संपत होता! मग आमच्या सिअ‍ॅटल मरिनर्सनी पाच वर्षांचे ६ कोटी ४० लाख डॉलर मोजले. पहिल्या वर्षी १९ होम रन, .२५५. पाच वर्षांत मिळून १०३. २०१० ला बॉस्टनशी एका वर्षाचा करार, म्हणजे पुन्हा करार संपायचं वर्ष, आणि पुन्हा .३२१! इथे ऑफिसात लोक उघड म्हणायचे की हा गडी नवा करार दिसला की जागा होतो. हॉल ऑफ फेमला माझा विरोध नाही, पण आरतीची थाळी जरा खाली ठेवा.

सातारकर_आर्लिंग्टन

रेडमंडकर, थाळी खाली ठेवली. आता आकडेच घेऊ, कारण तुमचा मुद्दा जुना असला तरी टाकाऊ नाही.

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. बेल्ट्रे समजून घ्यायचा तर २००४ विसरा आणि तुमची ती पाच वर्षंच बघा.

मुळात हे पोर किती लवकर आलं ते बघू. जन्म सांतो दोमिंगोचा, १९७९ चा. डॉजर्सनी त्याला १९९४ मध्ये घेतलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. नियम किमान सोळाचा, म्हणून कागदावर वय वाढवलेलं. १९९९ मध्ये भांडं फुटलं, डॉजर्सना दंड झाला आणि वर्षभर डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये खेळाडू घेण्याची बंदी आली. तोवर हा मेजर लीगमध्ये पोचलेलाही होता, २४ जून १९९८ ला, एकोणीस वर्षांचा. आपल्याकडे त्या वयात एफवायच्या केटी सुटलेल्या नसतात. पहिल्या पूर्ण सीझनमध्ये फील्डिंगच्या चुका तीसच्या जवळ. आज ज्याला बघून पोरं थर्ड बेस शिकतात, त्याच्या हातून तेव्हा चेंडू असे सुटत होते. (ताई, हे पोराला जरूर सांगा.) मग २००१ च्या सुरुवातीला मायदेशी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं ते बिघडलं, जखम भरेना, वजन उतरलं, सीझनचे पहिले आठवडे गेले. तरी हळूहळू सावरला, आणि २००४ ला सगळं एकदम जुळून आलं.

आता सिअ‍ॅटल. तुमच्या मैदानाची डावीकडची भिंत लांब आणि समुद्राकडची दमट, जड हवा. उजव्या हाताने ओढून मारणाऱ्यासाठी ती जागा म्हणजे शिक्षाच. हे मी म्हणत नाही, तुमच्या क्लबनेच २०१३ च्या सीझनआधी ती भिंत आत ओढून घेतली. त्या मैदानात अर्धे सामने खेळून एका मोसमात २६ होम रन आणि ९९ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर निघालेल्या रन), ते २००७ मध्ये. आणि त्याच वर्षी पहिलं गोल्ड ग्लव्ह (आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम फील्डरचं बक्षीस), २००८ ला दुसरं. बॅट थंडावली म्हणून लोक ओरडत होते तेव्हा या माणसाचं खरं काम उजव्या नव्हे, डाव्या हातात चाललं होतं. बघायची तयारी मात्र कुणाची नव्हती, कारण ६४ मिलियन होम रनसाठी दिलेत असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं.

'करार दिसला की जागा होतो' याचं उत्तर टेक्सासमध्ये मिळतं. २०११ ला रेंजर्सनी पाच वर्षांचा ८ कोटींचा करार दिला. पैसे खिशात, भविष्य सुरक्षित, आता झोपायला हरकत नव्हती. मग आकडे असे: .२९६, .३२१, .३१५, .३२४, .२८७, .३००. सदतिसाव्या वर्षी, २०१६ मध्ये, ३२ होम रन आणि १०४ आरबीआय, वर पाचवं गोल्ड ग्लव्ह. ही काय कराराच्या वर्षाची कमाई?

एक गोष्ट मला अजूनही चक्रावते. ४८ होम रन मारले त्या वर्षीसुद्धा तो ऑल-स्टार (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात) नव्हता. पहिल्यांदा ऑल-स्टार झाला तो २०१० मध्ये, तेराव्या सीझनला. चारही वेळा तो तिशी ओलांडल्यावरच निवडला गेला. एकूण ३,१६६ हिट, त्यांतल्या १,४६६ बॉस्टन आणि टेक्सासच्या, म्हणजे एकतिसाव्या वर्षानंतरच्या. या वयात बहुतेक थर्ड बेसवाल्यांना फर्स्ट बेसवर सरकवतात किंवा नुसतं बॅटिंगला ठेवतात, कारण गुडघा आणि खांदा दोन्ही बोलायला लागतात. हा मात्र थर्ड बेसवरच. २,७५९ सामने त्या एका कोपऱ्यात. त्याच्या पुढे फक्त बॉल्टिमोरचे ब्रुक्स रॉबिन्सन, २,८७०.

प्रामुख्याने थर्ड बेस खेळलेल्यांत त्याच्याइतक्या हिट कुणाच्या नाहीत. जॉर्ज ब्रेट ३,१५४, वेड बॉग्ज ३,०१०. शिवाय ४७७ होम रन. ब्रेटचे ३१७ आहेत, बॉग्जचे ११८. एमव्हीपीचं मत एका मोसमाचं असतं, हॉल ऑफ फेमचं सगळ्या कारकिर्दीचं. तुमच्या यजमानांना घोळ वाटला तो इथला.

अवांतर: बॉस्टनच्या त्या एका वर्षात याच्याशी धडकून दोन लेफ्ट फील्डरांच्या बरगड्या मोडल्या, एल्सबरी आणि हर्मिडा. हवेतला चेंडू दिसला की हा मागे वळून बघत नसे. एवढा एक दोष कबूल.

पावसाळी_रेडमंड

भिंतीचा मुद्दा मान्य. २०१३ चं विसरलो नव्हतो, तुम्ही काढता का बघत होतो :) पण २००५ च्या .२५५ चं पाप भिंतीच्या माथी मारू नका. त्या वर्षी तो बाहेरच्या कर्व्हबॉलमागे (वळणाऱ्या चेंडूमागे) जी बॅट फिरवायचा ती बघवत नसे.

सातारकर_आर्लिंग्टन

त्याच कर्व्हबॉलवर एक गुडघा मातीत टेकवून बॅट फिरवायचा तो पुढेही. २०११ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पाचव्या सामन्यात ख्रिस कारपेंटरला तसाच गुडघ्यावर बसून होम रन मारला. खोड तीच, चेंडू भिंतीपलीकडे. मी काय म्हणू?

जळगावची_पिचर

मी शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले, पिचिंग करायचे, म्हणून थर्ड बेसवाली किती महत्त्वाची ते पाठीमागून अनुभवलंय. सांगलीकर ताई, पोराला या तीन सवयी लागल्या की भीती जाते.

ग्लोव्ह जमिनीला टेकवून सुरुवात करायची, चेंडू उसळला तर ग्लोव्ह वर आणणं सोपं, वरून खाली नेणं अवघड. दुसरं म्हणजे नजर चेंडूवरच ठेवून छाती समोर ठेवायची. चेंडू सुटला तरी अंगाला लागून पुढ्यातच पडतो आणि उचलून आउट करता येतं. तोंड फिरवलं की तो मागे जातो आणि बॅटर दोन बेस पळतो. तिसरं, उघड्या हाताचे लाड इतक्यात नकोत! बेल्ट्रे बघून पोरं पहिल्या दिवशी तेच करायला जातात. थांबलेला चेंडू उघड्या हाताने, उसळणारा ग्लोव्हने.

गॅरेजच्या भिंतीवर टेनिस बॉल मारून अडवत बसायचं. भिंतीच्या जितकं जवळ उभं राहील तितकं चांगलं. शेजारी कटकट करतील, करू देत.

सांगलीची_लेक

बाप रे, एवढं सगळं! बाबांना सोलकरांचं सांगितलं. शांतता झाली, पण "जपून" नाही म्हणाले. म्हणाले, "आमच्या वेळी एक्कीला बघायला आम्ही शाळा बुडवायचो." आता त्यांनाच व्हिडिओ पाठवावे लागणार.

पोराला तीसच्या जवळच्या चुकांचं सांगितलं, ते त्याला फार आवडलं. आता दोन शंका: डोक्याला हात लावायचं काय प्रकरण आहे? आणि वर्ल्ड सिरीज का नाही मिळाली?

सातारकर_आर्लिंग्टन

डोक्याचं सोपं आहे. कुणी डोक्याला हात लावलेला त्याला खपत नसे. हे शेजारी उभ्या राहणाऱ्या शॉर्टस्टॉपला, म्हणजे व्हेनेझुएलाच्या एल्व्हिस अँड्रसला कळलं, आणि मग संपलंच. याने होम रन मारून यावं, अँड्रसने मागून टपली मारावी, याने ग्लोव्ह फेकून मारावा. हवेत उंच चेंडू उडाला की दोघं एकमेकांना अडवत, हुलकावण्या देत पकडायचे. हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात कूपर्सटाउनला डेव्हिड ऑर्टिझने तर भर व्यासपीठावर डोक्याला हात लावला.

खोडकरपणा अंगाशीही यायचा. जुलै २०१७ मध्ये मायामीविरुद्ध आम्ही सपाटून मार खात होतो, २२-१० असा निकाल लागला त्या दिवशी. पुढच्या बॅटरने उभं राहायची एक गोल चटई असते. हा तिच्यापासून लांब उभा होता. अंपायर गेरी डेव्हिस म्हणाले, चटईवर उभा राहा. याने चटईच ओढत आपल्या पायाखाली आणली! डेव्हिसनी बाहेर काढलं. नियमाने बघितलं तर आता तो चटईवरच होता. चारच दिवसांनी, ३० जुलैला, बॉल्टिमोरच्या वेड मायलीला डाव्या रेषेलगत डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारून ३,००० हिट पूर्ण केल्या. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेला पहिलाच. त्याची मुलं पळत जाऊन आउटफील्डमधला फलक उघडत होती, आणि अख्खं मैदान उभं.

वर्ल्ड सिरीजचं दुखणं आहे, पटकन सांगून मोकळा होतो. २७ ऑक्टोबर २०११, सहावा सामना, सेंट लुइस. सात सामन्यांच्या मालिकेत आम्ही ३-२ ने पुढे. त्या दिवशी पाडवा होता, आमच्याकडे चार घरची मंडळी जमलेली, फराळाची ताटं टीव्हीसमोर. सातव्या इनिंगमध्ये बेल्ट्रे आणि नेल्सन क्रूझ यांचे पाठोपाठ होम रन. नवव्यात ७-५, दोन आउट, दोन स्ट्राइक. तीन स्ट्राइकला बॅटर आउट, तीन आउटला इनिंग संपते. एक स्ट्राइक हवा होता फक्त. डेव्हिड फ्रीझने चेंडू क्रूझच्या डोक्यावरून मारला, बरोबरी. दहाव्यात पुन्हा आम्ही दोनने पुढे, पुन्हा दोन आउट, पुन्हा दोन स्ट्राइक, बर्कमनने पुन्हा बरोबरी केली. अकराव्यात फ्रीझचा होम रन, १०-९. हा फ्रीझ कोण? त्यांचा थर्ड बेसमन. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि सातवा सामनाही गेला, ६-२.

त्यानंतर बेल्ट्रेला तिथवर पोचायला मिळालं नाही. २०१८ च्या शेवटी थांबला, २०१९ ला २९ नंबरची जर्सी निवृत्त केली. रेंजर्स जिंकले २०२३ मध्ये, नव्या छपराच्या स्टेडियमात आल्यावर. मी नाचलो, खोटं कशाला बोलू, पण बायकोला म्हटलं, हे बारा वर्षं उशिरा आलं.

अवांतर: बाबा कधी इकडे आले तर त्यांना ग्रँड प्रेरीला न्या, तुमच्यापासून जवळच आहे. ते क्रिकेट स्टेडियम मुळात बेसबॉलचं होतं. जून २०२४ मध्ये तिथेच मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला पाकिस्तानविरुद्ध जिंकून दिलं.

सांगलीची_लेक

नेत्रावळकरचं बाबांना पाठ आहे, जागेचं माहीत नव्हतं. नक्की नेऊ.

शेवटचा प्रश्न, मग धागा तुम्हाला आंदण. शनिवारी ग्लोव्ह घ्यायला जातोय. थर्ड बेससाठी मोठा घ्यायचा म्हणतात ते खरं का? पोरगा १२ इंचीवर अडून बसलाय, बेल्ट्रेचा मोठा होता म्हणून.

जळगावची_पिचर

मोठी माणसं थर्ड बेसला पावणेबारा-बारा इंची वापरतात, खरंय. अकरा वर्षांच्या हाताला ११ किंवा साडेअकरा पुरे. मोठ्या ग्लोव्हमध्ये चेंडू आत रुततो आणि बाहेर काढण्यातच फेकीचा वेळ जातो. दुकानात हातात घालून पूर्ण मिटता येतो का ते बघा, नाही मिटला तर तो नको. आणि त्याच फेरीत मुलांच्या मापाचा गार्डही घ्या, नाहीतर परत खेप पडेल.